नागपूर महापालिकेचं मतदान: चार बटणं, महापौरासाठी एकही नाही

१ जानेवारी २०२६ ला झोहरान ममदानी यांनी न्यूयॉर्कच्या महापौरपदाची शपथ घेतली आणि दोनच आठवड्यांनी, १५ तारखेला, नागपूरकरांनी महापालिकेसाठी मतदान केलं. ममदानींचं वय ३४, विचार समाजवादी, आणि शहर जगाच्या शेअर बाजाराची राजधानी. त्यामुळे चर्चा रंगली ती त्यांच्या भाषणांची आणि रील्सची. पण ज्या यंत्रणेमुळे असा माणूस निवडून येऊ शकला, ती बाजूलाच राहिली. मतदान ही नागरिकांना मिळणारी सेवा मानली, तर नागपूरची सेवा कशी आहे?

मतदान यंत्राबद्दल तक्रार कमी. ३८ प्रभाग, १५१ जागा. ३७ प्रभागांत प्रत्येकी चार नगरसेवक आणि एका प्रभागात तीन. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब ची फिकट गुलाबी, क ची फिकट पिवळी, ड ची फिकट निळी. प्रत्येक जागेसाठी एक बटण दाबायचं. कुणीच पसंत नसेल तर त्या जागेचं ‘नोटा’. सगळ्या जागांची मतं पडली की लांब बीप वाजतो. गडबड इथेच होते: दोन बटणं दाबून मतदार निघायला लागतो, बीप वाजत नाही, आणि केंद्रावरचा कर्मचारी त्याला परत बोलावतो. तोवर मागची रांग थांबलेली. शिवाय या यंत्राला व्हीव्हीपॅट नाही, म्हणजे विधानसभेला दिसते तशी चिठ्ठी दिसत नाही.

यादी मात्र कच्ची. १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांच्या सीमांप्रमाणे फोडली गेली. प्रभागाची हद्द रस्त्याच्या मधून गेली की समोरासमोरची घरं चुकीच्या बाजूला पडतात आणि एकाच कुटुंबातली नावं दोन प्रभागांत जातात. यावर हरकत घ्यायची ती प्रारूप यादी लागते तेव्हाच. मतदानाच्या सकाळी केंद्रावर कितीही वाद घातला तरी उपयोग नाही.

आता न्यूयॉर्क. तिथे ४ नोव्हेंबर २०२५ च्या मुख्य निवडणुकीआधी नऊ दिवस लवकर मतदानाची सोय होती. आपल्याकडे सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच, संपलं. त्याआधी जूनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक होते. तीत मतदाराला पाच उमेदवारांपर्यंत पसंतीक्रम देता येतो; पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला तर मत पुढच्या पसंतीला जातं. ममदानी आणि त्यांचे प्रतिस्पर्धी उमेदवार ब्रॅड लँडर यांनी ‘दुसरी पसंती त्याला द्या’ असं एकमेकांसाठी सांगितलं, आणि माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो मागे पडले. मतं फुटण्याच्या भीतीनं नवा माणूस घरी बसत नाही, हे या पद्धतीचं मोठं देणं. (नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत मात्र एकच मत असतं. कुओमो तिथे अपक्ष उभे राहिले आणि पुन्हा हरले.)

पैशाची सोयही तशीच. शहरातल्या रहिवाशानं दिलेल्या पहिल्या २५० डॉलरपर्यंत प्रत्येक डॉलरला महापालिकेचा निधी आठ डॉलर जोडतो. लहान देणगीदारांच्या बळावर ममदानींनी खर्चमर्यादा गाठली आणि मार्चमध्येच लोकांना सांगितलं, आता पैसे पाठवू नका. नागपुरात नगरसेवकाला १५ लाखांची मर्यादा आहे, पण ते १५ लाख कुठून आणायचे याचं उत्तर यंत्रणा देत नाही. ज्याच्याकडे आहेत तो उभा राहतो.

आणि सगळ्यात मोठी उणीव. न्यूयॉर्कच्या महापौराला अधिकार आहेत: सुमारे दहा लाख घरांची भाडेवाढ ठरवणाऱ्या मंडळाचे नऊही सदस्य तोच नेमतो, म्हणून ‘भाडं गोठवू’ हे वचन पोकळ नाही. मोफत बस आणि श्रीमंतांवरचा कर मात्र अल्बनीच्या हातात, म्हणजे राज्याच्या. तरी शपथेनंतर आठवडाभरातच गव्हर्नर कॅथी होकुल यांनी दोन वर्षांच्या मुलांच्या मोफत संगोपनासाठी राज्याचा निधी जाहीर केला. थेट मिळालेल्या दहा लाखांहून अधिक मतांचं वजन ते हेच.

नागपुरात कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे. महापौर नगरसेवक निवडतात, अडीच वर्षांसाठी, आणि या वेळी तर पदाच्या आरक्षणाची सोडत मतमोजणीनंतर निघाली. म्हणजे बटण दाबताना मतदाराला महापौराचा प्रवर्गसुद्धा ठाऊक नव्हता. मग ‘शहर बसचं भाडं कमी करा’ हे मत कुणाला द्यायचं? नाली तुंबली तरी अ चा नगरसेवक ब कडे बोट दाखवतो आणि ब क कडे. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं तर बोट दाखवायलाही कुणी नव्हतं, प्रशासकच होते.

थेट निवड आपल्याकडे अशक्य आहे असंही नाही. कामठी, काटोल, उमरेडचा मतदार आपला नगराध्यक्ष स्वतः निवडतो. नागपूरच्या मतदाराला तेच बटण द्यायला कायद्यात दुरुस्ती लागते. ती विधिमंडळात होते, आणि विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथेच, सिव्हिल लाइन्समध्ये भरतं. मागणी घेऊन जायला लांब जावं लागणार नाही.