एक्सरे नॉर्मल, पण पाय गार

दादाच्या डाव्या गुडघ्यावर बाइक आडवी पडली. पहिल्या ठिकाणी कॅज्युअल्टीत एक्सरे काढला, हाड शाबूत आहे, लिगामेंट असेल, बर्फ लावा आणि घरी न्या म्हणाले. मी सारखा सांगतोय की पाऊल गार पडलंय, तर म्हणे सुजेमुळे होतं तसं. पटलं नाही म्हणून दुसरीकडे नेलं, हा रिव्ह्यू त्या दुसऱ्या हॉस्पिटलच्या व्हॅस्क्युलर म्हणजे रक्तवाहिन्यांच्या टीमचा.

डॉक्टरांनी आधी दोन्ही पावलांवर एकदम हात ठेवले. मग रक्त वाहण्याचा आवाज ऐकवणारं छोटं डॉपलर मशीन लावलं, उजव्या पायात फुस्स-फुस्स असा मस्त आवाज, डावीकडे काहीच नाही. पायाच्या प्रेशरला हाताच्या प्रेशरने भागून उत्तर ०.९ च्या खाली आलं तरी शंका घ्यायची असते म्हणे, इथे तर मोजायलाच काही नव्हतं. गुडघा निखळून आपला आपणच जागेवर बसतो कधीकधी, म्हणून एक्सरे चांगला दिसतो, पण गुडघ्यामागची पॉप्लिटिअल आर्टरी, म्हणजे पायाला रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी, वर-खाली जखडलेली असते, ती ताणली जाऊन आतलं अस्तर फाटतं आणि गुठळी होते. रक्त बंद होऊन ६ तास उलटले की पाय जायचा धोका वाढत जातो, आमचे साडेचार तर गेलेच होते, त्यामुळे थेट ओटीत.

उजव्या पायातली शीर काढून डावीकडे जोडली, तीही उलटी करून, कारण शिरेतल्या झडपा रक्त एकाच दिशेने जाऊ देतात. बाहेरून रॉड लावले. काम एक नंबर.

तक्रार एकच पण मोठी. पोटरीला दोन्ही बाजूंनी लांबच लांब चिरा देऊन उघडं ठेवलं होतं, ते बघून आईला चक्करच आली. रक्त परत सुरू झालं की स्नायू सुजतात, दाब वाढून मरू नयेत म्हणून हे करतात, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. फॉर्मवर फॅसिओटॉमी लिहिलं होतं हो, पण घाईत सही करणाऱ्या माणसाला त्यातून काय कळणार?

नाइटच्या सिस्टर मात्र भारी, आवाज जिथे सापडला तिथे पावलावर पेनाने फुली मारून ठेवली आणि दर तासाला तिथेच मशीन लावून ऐकायच्या.

नर्व्ह (मज्जातंतू) दुखावल्यामुळे पंजा अजून वर उचलत नाही, स्प्लिंट आणि फिजिओ चालू आहे.

ऑपरेशनला पाचपैकी पाच, नातेवाइकांशी बोलण्याला दोन, ओटीबाहेरच्या खुर्च्यांना शून्य.