रिअल अ‍ॅनालिसिस कुणाकडे घ्यावं? फळाभर सिद्धता लिहिणारे सर की वर्गातच गणितं सोडवून घेणाऱ्या मॅडम

रिअल अ‍ॅनालिसिस म्हणजे कॅल्क्युलसमधल्या गोष्टी काटेकोर सिद्धतांनी मांडणारा पदवीचा विषय. त्याच्या दोन तुकड्या, दोन प्राध्यापक आणि नावनोंदणीला चार दिवस. आधीच्या बॅचला विचारलं, तर एका तुकडीबद्दल ऐकू येतं, "सर अप्रतिम शिकवतात, वही म्हणजे पुस्तकच होते." दुसरीबद्दल, "मॅडम स्वतः फारसं शिकवत नाहीत, सगळं आपल्यालाच करायला लावतात, पण…" त्या 'पण'च्या पुढचं नीट कुणी सांगत नाही आणि निर्णय नेमका तिथेच अडतो.

बोलायच्या सोयीसाठी पहिल्या पद्धतीला सर आणि दुसरीला मॅडम म्हणू. प्रत्यक्षात उलटंही असतं. स्लाइड वाचून दाखवणारे प्राध्यापक ही तिसरी जात. सिद्धता शिकायच्या पहिल्याच विषयासाठी ती टाळावी. स्लाइडवर सिद्धता तयार होऊन येते, ती घडताना दिसत नाही.

एकच गणित, दोन वर्ग

उदाहरण अगदी सुरुवातीचं घेऊ: क्ष वर्ग हे फल क्ष = २ पाशी सतत आहे, हे एप्सिलॉन-डेल्टाच्या व्याख्येवरून दाखवायचं. म्हणजे कितीही लहान एप्सिलॉन दिला, तरी असा डेल्टा शोधायचा, की क्ष हा २ पासून डेल्टापेक्षा कमी अंतरावर असला की क्ष वर्ग ४ पासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर राहतो.

चांगले सर आधी फळ्याच्या कोपऱ्यात कच्चं काम करतात. |क्ष² − ४| = |क्ष − २| · |क्ष + २|. पहिला अवयव आपल्या हातात आहे, कारण तो डेल्टापेक्षा लहान ठेवायचाच आहे. दुसऱ्याला लगाम हवा. क्ष हा २ पासून १ पेक्षा कमी अंतरावर ठेवला, तर तो १ आणि ३ च्या मध्ये राहतो, म्हणजे |क्ष + २| हे ५ पेक्षा कमी. म्हणून डेल्टा = १ आणि एप्सिलॉन/५ यांतली लहान संख्या. मग फळ्याच्या मधोमध तीच सिद्धता उलट्या क्रमाने, स्वच्छ. आठ-दहा मिनिटांत काम होतं आणि वहीत दोन्ही गोष्टी उतरतात.

त्याच पद्धतीचे वाईट सर कोपरा वापरतच नाहीत. "डेल्टा म्हणजे १ आणि एप्सिलॉन/५ यांतली लहान संख्या घेऊ" इथूनच सुरुवात होते. सिद्धता बरोबर असते, वहीही सुंदर दिसते, पण तो ५ आभाळातून पडलेला असतो. असा विद्यार्थी परीक्षेत क्ष घन आला की थांबतो. तिथे दुसरा अवयव क्ष² + २क्ष + ४ असतो, क्ष ३ च्या आत असताना तो ९ + ६ + ४ = १९ पेक्षा लहान राहतो आणि डेल्टा १ व एप्सिलॉन/१९ यांतून ठरतो. कुणाची जुनी वही हातात आली, तर एवढंच पाहा: ही वही वाचून १९ पर्यंत पोचता येईल का? अक्षर आणि रंगीत चौकटी नंतर बघता येतील.

मॅडमच्या वर्गात तेच गणित चौघाचौघांच्या गटांना सहा मिनिटांसाठी दिलं जातं. हमखास एक तरी गट लिहितो: डेल्टा = एप्सिलॉन/|क्ष + २|. वरवर पाहता हिशेब जुळतो. पण डेल्टा आधी ठरवायचा असतो आणि क्ष त्यानंतर येतो. क्ष वर अवलंबून असलेला डेल्टा चालत नाही. चांगल्या मॅडम हेच चुकलेलं उत्तर फळ्यावर घेतात आणि "इथे क्ष अजून जन्मालाच आलेला नाही" हे वर्गाकडूनच वदवून घेतात. व्याख्येतला 'प्रत्येकासाठी' आणि 'असा एक तरी' यांचा क्रम त्या क्षणी डोक्यात बसतो. सरांच्या वर्गात ही चूक कुणाला दिसतच नाही, कारण सर ती करत नाहीत. ती पहिल्यांदा दिसते परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत, लाल शाईत.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. जिथे सरांना दहा मिनिटं लागली, तिथे मॅडमना पंचवीस लागतात. म्हणून मॅडमच्या तुकडीत फलांच्या क्रमिका आणि एकसमान अभिसरण सत्राच्या शेवटी घाईत उरकलं जातं किंवा 'घरी वाचा' म्हणून सोडलं जातं. "सिलॅबस पूर्ण झाला नाही" ही त्यांच्याबद्दलची तक्रार बहुधा खरी असते. दुसरा बिघाड गटांचा: एक जण लिहितो, तिघं बघतात. तिसरा सगळ्यात वाईट: तास संपताना बरोबर सिद्धता फळ्यावर एकत्र लिहिलीच जात नाही. मग वहीत तीन अर्धवट प्रयत्न राहतात, त्यांतले दोन चुकीचे, आणि महिन्याभराने कुठले दोन ते विद्यार्थ्यालाही सांगता येत नाही. मॅडमकडे जायचं असेल, तर शेवटच्या दहा मिनिटांत काय होतं हे जुन्या विद्यार्थ्यांना आवर्जून विचारा.

या पद्धतीचं टोक म्हणजे टेक्सास विद्यापीठातले विसाव्या शतकातले गणिती आर. एल. मूर यांचा वर्ग. व्याख्या आणि गृहीतकं द्यायची, पुस्तक बंद, एकमेकांची मदत बंद, आणि प्रमेयं विद्यार्थ्यांनी फळ्यावर येऊन सिद्ध करायची. तिथून मोठे गणिती बाहेर पडले, ही गोष्ट वारंवार सांगितली जाते. पण त्याच मूर यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वर्गात घ्यायला नकार दिला होता, आणि आत कोण येणार हेही तेच निवडत. निवडून घेतलेल्या मूठभरांचं यश संपूर्ण पद्धतीच्या खात्यावर जमा करता येत नाही. आज असे वर्ग घेणारे बहुतेक प्राध्यापक गटात काम करू देतात, अडल्यावर सूचना देतात, आणि ते योग्यच आहे.

"छान शिकवतात" याचा नेमका अर्थ

विद्यार्थ्यांचं मत खोटं नसतं, पण ते ज्या प्रश्नाचं उत्तर असतं तो प्रश्न तुमचा असेलच असं नाही. सत्र कसं गेलं, हे ते सांगतं. पुढच्या सत्रात टोपॉलॉजी किंवा मेझर थिअरी असा यावर उभा असलेला विषय घेतल्यावर काय झालं, हे त्यात येत नाही.

यावर एक अभ्यास नीट समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत विद्यार्थ्यांना प्राध्यापक निवडता येत नाही, तुकड्या चिठ्ठी टाकल्यासारख्या ठरतात, आणि परीक्षा सगळ्यांना एकच असते. त्यामुळे 'हुशार मुलं आधीच चांगल्या सरांकडे जातात' ही नेहमीची अडचण तिथे येत नाही. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये तिथल्या नोंदींवरून दाखवलं, की ज्या प्राध्यापकांना विद्यार्थ्यांनी जास्त गुण दिले, त्यांचे विद्यार्थी त्या विषयात पुढे होते. पण त्यावर आधारलेल्या पुढच्या विषयांत मात्र मागे पडले. कॅल्क्युलस एक मध्ये परीक्षेपुरतं तयार केलेलं मूल कॅल्क्युलस दोन मध्ये उघडं पडतं, असा त्याचा साधा अर्थ लागतो.

दुसरा अभ्यास हार्वर्डमधला, २०१९ चा, भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा. स्वतः प्रश्न सोडवत शिकलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण 'आपण किती शिकलो' असं विचारल्यावर त्यांनीच कमी सांगितलं. गुळगुळीत व्याख्यान ऐकताना सगळं कळतंय असं वाटतं. स्वतः झगडताना काहीच येत नाही असं वाटतं. मॅडमबद्दलच्या त्या अर्धवट 'पण'चा खुलासा बऱ्याच अंशी इथे होतो.

२०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होतं, विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. फरक मोठा आहे. मात्र त्यात नाना विषय आणि नाना आकारांचे वर्ग मिसळलेले आहेत. तुमच्या कॉलेजातल्या एका मॅडमचा वर्ग त्यातून ठरत नाही.

आणि याचा अर्थ ज्यांच्याबद्दल वाईट बोललं जातं ते मुळात चांगले, असाही होत नाही. तासाला उशिरा येणारे, गृहपाठ न तपासणारे, शंका विचारली की अपमान करणारे प्राध्यापक असतात, आणि त्यांच्याबद्दलची तक्रार जशीच्या तशी खरी धरावी.

तक्रारी उलगडून वाचा

"परीक्षेत न शिकवलेलं येतं." आधीच्या दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा. फल नवीन पण व्याख्या शिकवलेलीच, असा प्रश्न असेल तर तक्रारीत दम नाही; या विषयाची परीक्षा तशीच असायला हवी. प्रश्नाला लागणारं प्रमेयच वर्गात झालं नसेल, तर तक्रार खरी. उलट, निम्म्याहून जास्त गुण 'अमुक प्रमेय सिद्ध करा' अशा पाठ करण्याजोग्या प्रश्नांना असतील, तर त्या सरांकडे गुण चांगले मिळतील, पण सिद्धता स्वतः लिहिता येईल याची खात्री नाही.

"खूप वेगाने जातात." इथे एकच विचारा: जे बोलतात ते फळ्यावर लिहितात का? हाताने लिहिणाऱ्याचा वेग आपोआप आटोक्यात राहतो. तोंडी बोलून फक्त समीकरणं लिहिणाऱ्यांच्या बाबतीत वहीत 'म्हणून', 'कारण', 'समजा' हे शब्दच उतरत नाहीत, आणि सिद्धतेचा जीव त्या शब्दांतच असतो.

"मार्क कापतात." कुठे कापतात, ते महत्त्वाचं. तपासलेली एखादी उत्तरपत्रिका पाहायला मिळाली तर सोनं. समजा प्रश्न आहे: क्ष वर्ग हे फल सर्व वास्तव संख्यांवर एकसमान सतत नाही (म्हणजे एकच डेल्टा सगळ्या बिंदूंना पुरत नाही), हे दाखवा. बरोबर उत्तरात आधी एप्सिलॉन पक्का करायचा, समजा १. मग कितीही लहान डेल्टा दिला, तरी न ही पुरेशी मोठी नैसर्गिक संख्या घेतली की न आणि न + १/न यांच्यातलं अंतर डेल्टापेक्षा कमी होतं. पण वर्गांमधला फरक २ + १/न² राहतो, म्हणजे १ च्या वरच. अनेक विद्यार्थी एप्सिलॉन शेवटी ठरवतात किंवा फक्त "आलेख खूप चढा होत जातो" असं लिहितात. समासात "एप्सिलॉन डेल्टाच्या आधी हवा, २ गुण वजा" असं लिहिणारे प्राध्यापक कडक वाटले तरी घ्यावेत. नुसतं '४/१०' लिहून पेपर परत करणाऱ्यांकडून चूक पुन्हा होते.

"केबिनमध्ये कधीही जा, लगेच सोडवून देतात." कौतुक वाटतं, पण "कुठपर्यंत आलास? तुझा कागद दाखव" असं विचारणाऱ्यांकडे गेलेला जास्त शिकून येतो.

कुठलंही मत कुठल्या विषयाबद्दलचं आहे, हेही बघा. पहिल्या वर्षाच्या दोनशेच्या कॅल्क्युलस वर्गात रटाळ वाटणारे सर पंचवीस जणांच्या अ‍ॅनालिसिसमध्ये उत्तम असू शकतात. आणि पाच-सहा मतंच असतील, तर ती बहुधा खूप खूश आणि खूप चिडलेल्यांची असतात.

एक तास बसून काय मोजायचं

परवानगी घेऊन दोघांच्या एकेका तासाला मागच्या बाकावर बसा. गणित कळलं नाही तरी चालेल. प्रश्न विचारल्यावर प्राध्यापक किती थांबतात, हे मनात मोजा. शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबल्यावर उत्तरांचा दर्जा सुधारतो, हे शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी शाळेतल्या विज्ञानाच्या वर्गांत दाखवून दिलं होतं. सिद्धतेच्या वर्गात तर दहा सेकंदही जास्त नाहीत. मग बघा, चुकीचं उत्तर आल्यावर काय होतं: "नाही, आणखी कोण?" की "असं का वाटलं?" सरांच्या तासाला कोपऱ्यातलं कच्चं काम आहे का, मॅडमच्या तासाला शेवटी स्वच्छ सिद्धता लिहिली जाते का, हे दोन्ही नोंदवा.

मग कुणाकडे?

सिद्धता लिहायचा हा पहिलाच विषय असेल, तर आमचा कौल मॅडमकडे, दोन अटींवर: वर्गात चाळीसपेक्षा जास्त मुलं नसावीत आणि लिहिलेला गृहपाठ आठवड्याच्या आत शेऱ्यांसकट परत मिळावा. यातली दुसरी अट जास्त मोलाची. ती पूर्ण होत नसेल, तर गटात चर्चा कितीही रंगली तरी चुका मुरत जातात. अशा वेळी कोपऱ्यात कच्चं काम करणारे सर बरे.

सिद्धता लिहायची सवय आधीच असेल, किंवा पुढच्या सत्रात एकसमान अभिसरण लगेच लागणार असेल, तर सरांकडे जा. तिथे विषय पुढे सरकतो आणि वही पुढे दोन वर्षं उपयोगी पडते. फक्त आठवड्यात सहा-सात तास स्वतंत्र सरावाला लागतील हे धरून चाला. तास झाल्याच्या दुसऱ्या दिवशी वही मिटून तीच सिद्धता लिहायची, अडलं तिथे एकच ओळ पाहायची, पुन्हा मिटायची. मग एक आकडा बदलायचा: २ च्या जागी ३, वर्गाच्या जागी घन.

मॅडमच्या तुकडीत असाल, तर काम वेगळं. दर शनिवारी त्या आठवड्यातली प्रत्येक सिद्धता एका स्वतंत्र वहीत नव्याने लिहा, आणि राहून जाणाऱ्या प्रकरणांतल्या प्रमेयांची यादी पहिल्या महिन्यातच करून ठेवा, सत्राच्या शेवटी नाही.

तुकडी बदलण्याची मुदत शोधून ठेवा आणि पहिला गृहपाठ त्याआधी परत मिळणार आहे का, ते पहिल्याच तासाला विचारा. मिळणार नसेल, तर दुसऱ्या आठवड्यात स्वतः लिहिलेली एक सिद्धता घेऊन केबिनमध्ये जा. पंधरा मिनिटांत त्या कागदावर काय होतं, कुठे खूण केली जाते, पेन कुणाच्या हातात राहतं, हे पाहून मुदतीच्या आत ठरवा.