सहायक श्वानासह भाड्याचे घर : राजारामपुरीतील भाडेकरार सेवेचा अनुभव

माझ्या थोरल्या बहिणीला अजिबात दिसत नाही. प्रशिक्षित लॅब्रेडोरच्या आधाराने ती एकटी फिरते. कोल्हापुरात नागाळा पार्कात तिच्यासाठी फ्लॅट भाड्याने घेताना आम्ही राजारामपुरीतील एका एजंटाकडून अकरा महिन्यांचा करार करून घेतला.

पहिल्या मसुद्यात ‘पाळीव प्राणी ठेवण्यास सक्त मनाई’ हे छापील कलम जसेच्या तसे होते आणि मालकांनी कुत्र्यापोटी जादा डिपॉझिट मागितले होते. अमेरिकेत फेअर हाउसिंग अ‍ॅक्टनुसार (घरांच्या बाबतीत भेदभाव रोखणारा कायदा) सहायक प्राण्यासाठी असे डिपॉझिट घेता येत नाही. आपल्याकडील दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ भेदभावाला मनाई करतो, पण भाड्याच्या घरातील सहायक श्वानाबद्दल त्यात वेगळे कलम नाही. म्हणूनच करारातला शब्द इतका मोलाचा ठरतो. सोसायटीने लिफ्टबद्दल शंका काढली, तेव्हा एजंटाने भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत अध्यक्षांपुढे ठेवली. सोसायटीला कुत्रे पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे.

मालकांना त्याने ताईच्या घरीच आणले. तासभराच्या बोलण्यात श्वान तिच्या पायाशी पडून होता. तिने हार्नेसची (श्वानाच्या अंगावरच्या पट्ट्याची) मूठ धरल्यावरच तो उठला आणि तिला दारापर्यंत घेऊन गेला. ते पाहिल्यावर मालकांनी जादा डिपॉझिटचा आग्रह सोडला. ‘सहायक श्वान हा पाळीव प्राणी समजला जाणार नाही, त्याने केलेल्या प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई भाडेकरू देईल’ हे नवे कलम दोघांनाही न्याय देणारे आहे, असे मला मनापासून वाटते.

अंगठ्याचे ठसे घेण्यासाठी माणूस यंत्र घेऊन घरी आला. नोंदणी फी १,००० रुपये आणि मुद्रांक शुल्क यांचा हिशेब चोख होता.

एक गोष्ट मात्र खटकली. मसुदा मोबाइलवर फोटो काढून पाठवला होता आणि ताईच्या स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) तो वाचता येईना. सही करणाऱ्या व्यक्तीलाच करार वाचता येऊ नये, ही मोठी चूक आहे. दोनदा मागणी केल्यावर मजकुराची फाइल आली. मग ताईने प्रत्येक कलम स्वतः ऐकले आणि त्यानंतरच अंगठा दिला. पाचपैकी चार तारे.