हिरवा दिवा लागला म्हणून मी पाण्यात उतरलो

ज्या विक्रीच्या व्हिडिओला भुलून मी फसलो, तोच परवा रात्री मला पुन्हा दिसला. तीच निळी बादली, शेजारी तोच पिवळ्या पट्ट्यांचा टॉवेल, पारदर्शक हाउसिंगमध्ये, म्हणजे कॅमेरा पाण्याखाली नेण्याच्या बंद डब्यात, ठेवलेला टिश्यू पेपर आणि कोपऱ्यात लुकलुकणारा हिरवा दिवा. विकणाऱ्याचं नाव वेगळं, शहर वेगळं, किंमत चार हजारांनी कमी. पण त्या व्हिडिओतलं हाउसिंग गेल्या जानेवारीपासून माझ्या स्टुडिओतल्या कपाटात पडून आहे. ते आता कुणीही विकू शकत नाही. म्हणजे कुणाचे तरी पैसे पुन्हा जाणार आहेत, म्हणून लिहायला बसलो.

परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो, यावर घर चालतं. बारवांचा, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींचा, नाद वेगळा. वालूरची चक्राकार बारव, चारठाण्याची बारव, आमच्या आजोळच्या शिवारातली लहानशी बिननावाची बारव, सगळीकडे हिंडून झालंय. २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या वर्षी, आजोळची बारव तळापर्यंत आटली. एरवी पाण्याखाली असणाऱ्या पायऱ्या, भिंतीतल्या देवळ्या, त्यातल्या एकीवर कोरलेलं कमळ, हे सगळं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर तळ आत्ताच दिसतोय, असं आजी म्हणाली. माझ्याकडे तेव्हा साधा मोबाईल होता, फोटो धड आले नाहीत. पुढे पाऊस झाला, कमळ पाण्याखाली गेलं. ते पुन्हा दिसायला दुष्काळ पडावा असं कोण म्हणेल? पाणी असतानाच खाली जाऊन फोटो काढायचा, हे तेव्हाच मनात बसलं.

मधल्या काळात तारकर्लीला एकदा डायव्हिंग केलं. तिथल्या प्रशिक्षकाच्या हातात हाउसिंगमधला मिररलेस कॅमेरा पाहिला आणि हे आपल्यालाही जमेल असं वाटलं. सोनी अल्फा ६४०० हा तसा कॅमेरा आणि सोबतची १६-५० लेन्स माझ्याकडे होतीच, परभणीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घेतलेली. इथे एक चूक आधीच झालेली होती. हाउसिंग ठरावीक मॉडेलच्या मापाने बनतं. बाहेरच्या कळा आतल्या बरोबर त्याच बटणावर टेकल्या पाहिजेत. ज्याला पाण्याखाली काम करायचंय त्याने आधी हाउसिंग कोणत्या मॉडेलचं मिळतंय, त्याच्या ओ-रिंगा (पाणी अडवणारी रबरी कडी) आणि सुटे भाग कुठे मिळतात हे बघावं आणि मग कॅमेरा घ्यावा. माझ्याकडे कॅमेरा आधी होता, त्यामुळे त्याच्या मापाचं जुनं हाउसिंग दिसताच मी घाईला आलो.

५८ हजारांत पूर्ण संच: हाउसिंग, सपाट काचेचं पोर्ट (लेन्ससमोरची खिडकी), एक स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश), त्याचा हात आणि व्हॅक्यूमचा पंप. ४० मीटरपर्यंत चालतं, नुकतीच सर्व्हिसिंग झालीय, मी परदेशी चाललोय म्हणून विकतोय, असं विकणारा म्हणाला. फोन लावला तर पहिलाच प्रश्न, "काय करायलाव दादा?" आई नांदेडची आहे म्हणाला. आपल्या बोलीत बोलणारा माणूस आपल्याला फसवणार नाही, असा विचार मी मुद्दाम केला नव्हता. पण त्यानंतर मी एकही अवघड प्रश्न विचारला नाही, हे खरं.

त्याने समुद्रातले फोटो पाठवले, याच संचावर काढलेले म्हणून. एका फोटोत अख्खा प्रवाळाचा खडक आणि वर डायव्हर, कडा गोल वाकलेल्या. आज तो फोटो बघितला की पोटात कालवतं, कारण खोटेपणा त्या फोटोतच होता. सपाट काचेमागून पाण्यात बघताना प्रकाश वाकतो, वस्तू एक तृतीयांशाने मोठी दिसते आणि लेन्सचा कोन आवळतो. १६ मिलिमीटरची लेन्स सुमारे २१ मिलिमीटरसारखी वागते. तो फोटो फिशआय (अतिशय रुंद कोनाची) लेन्स आणि डोम पोर्ट (घुमटासारखी काच), किंवा पोर्टवर बाहेरून लावायची रुंद कोनाची लेन्स, याशिवाय निघूच शकत नाही, आणि या संचात यातलं काहीच नव्हतं. कुणी असे नमुने पाठवले तर मूळ फाइल मागा. तिच्यात कॅमेरा आणि लेन्सची माहिती असते. मला आले ते सगळे व्हॉट्सॲपवरून, माहिती पुसली गेलेले.

१५ हजार आधी भरले. उरलेले ४३ हजार ट्रॅव्हल्सच्या पार्सलची पावती दाखवल्यावर. पावती खरी होती, पार्सलही खरं निघालं. त्यामुळे उघडल्यावर माझा विश्वास आणखी वाढला.

आता त्या दिव्याबद्दल नीट सांगतो, कारण सगळा खेळ तिथेच झाला. चांगल्या हाउसिंगमध्ये झाकण लावल्यावर हातपंपाने आतली थोडी हवा ओढून घेतात. बाहेरची हवा झाकण घट्ट दाबून धरते. कुठे केसाएवढी फट असली तर हवा हळूहळू आत शिरते, आतला दाब वाढतो आणि सेन्सर दिव्याचा रंग बदलून इशारा देतो. म्हणजे पाण्यात उतरण्याआधी, घरी टेबलावरच गळती कळते. बादलीत बुडवून ती कळेलच असं नाही. बादलीत फूटभर पाणी, त्याचा दाब तो किती? मी मात्र घरी बादलीचीच चाचणी केली. टिश्यू कोरडा, दिवा हिरवा.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आजोळी गेलो. पावसाळ्यातला गाळ थंडीत बसतो, म्हणून पाणी निवळ होतं. पायऱ्यांवर शेवाळ, म्हणून कमरेला दोर बांधला. गावातले दोन पट्टीचे पोहणारे पाण्यात आणि भाचा वरच्या पायरीवर. पहिली बुडी पुरुषभर. एका पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर व्हाइट बॅलन्स घेतला, म्हणजे कॅमेऱ्याचे रंग जुळवले, कारण पाण्यात तांबडा रंग आधी मरतो आणि आमच्या बारवेतलं पाणी तर मुळात हिरवट. फोटो आले. दुसरी बुडी दोन पुरुष, कमळाच्या देवळीपर्यंत. स्ट्रोब दोन्ही बुड्यांत एकदाही पेटला नाही. ती पहिली शंका यायला हवी होती, पण समोर कमळ होतं आणि दम संपत आला होता.

वर आलो तेव्हा भाचा ओरडत होता, "मामा, डब्यातून बुडबुडे निघायलेत!"

लेन्स अर्ध्यापर्यंत पाण्यात होती. आणि दिवा हिरवाच.

नंतर मी मोजलं. सव्वाअकरा-साडेअकरा फुटांवर, म्हणजे साडेतीन मीटरवर, पाण्याचा जादा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण साडेतीनशे ग्रॅम असतो. हाउसिंगचं मागचं झाकण १६ बाय ११ सेंटीमीटर. म्हणजे झाकणावर ६० किलोंहून जास्त भार, सिमेंटच्या पोत्यापेक्षा अधिक. तोच दाब फटीतून पाणी आत ढकलतो आणि वर येताना आत दबलेली हवा फुगून त्याच फटीतून बाहेर पडते. ते बुडबुडे भाच्याला दिसले.

चौकात मोबाईल दुरुस्त करणारा माझा मित्र आहे. त्याने दिव्याचं सर्किट उघडलं. दाब मोजणारा सेन्सर जागेवर नव्हताच, तो पूर्वीच काढून टाकलेला. हिरवा दिवा सरळ बॅटरीला जोडलेला. बॅटरी आहे तोवर तो हिरवाच राहणार, हाउसिंग विहिरीत पडलं तरी. 'सर्व्हिस झाले' असं छापलेलं स्टिकर सोललं तर खाली झाकणाच्या खटक्याजवळ बोटभर तडा, पारदर्शक गोंदाने भरलेला. स्ट्रोबच्या बॅटरीच्या कप्प्यात हिरवी-पांढरी पूड, म्हणजे बहुधा खारं पाणी कधीतरी आत जाऊन वाळलेलं. हा संच माझ्याआधीच एकदा समुद्रात बुडालेला असणार. तो विकणाऱ्याला हे माहीत नसणं शक्य नाही. सेन्सर आपोआप निघत नाही आणि तारही आपोआप जोडली जात नाही.

कॅमेरा बाहेर आल्याबरोबर बॅटरी काढली, पुन्हा चालू करून बघितला नाही, दुसऱ्या दिवशी सर्व्हिसला दिला. तरी बोर्ड गेला. दुरुस्तीचा आकडा नव्या बॉडीच्या जवळ होता. लग्नसराई तोंडावर, आणि तोच माझा दुसऱ्या नंबरचा कॅमेरा. दोन लग्नांना उसना कॅमेरा घेऊन गेलो.

त्या माणसाला फोन केला. एकदा उचलला, "दादा, तुम्ही ओ-रिंग नीट बसवली नसेल," म्हणाला. पाण्याखाली काम करणाऱ्याच्या मनात हा धाक कायम असतो. एक केस किंवा वाळूचा कण ओ-रिंगवर राहिला तरी पाणी शिरतं. त्यामुळे दोन दिवस मीही स्वतःलाच दोष देत बसलो. मित्राने सर्किट उघडलं तेव्हा कुठे डोळे उघडले. तोवर नंबर बंद. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला तो नवव्या दिवशी. पैसे ज्या तासांत अडवता येतात ते तास निघून गेले होते. तक्रार नोंद आहे, पैसे आलेले नाहीत. ज्याचं असं झालं असेल त्याने आधी १९३० लावावा, आपली चूक की त्याची हे नंतर ठरवावं.

जुनं हाउसिंग घेणं वाईट नाही, नवं सगळ्यांना परवडत नाही. पण पैसे देण्याआधी रेकॉर्ड केलेला नाही, चालू व्हिडिओ कॉल मागा. तुमच्यासमोर हवा ओढायला लावा आणि अर्धा तास कॉल चालू ठेवा. मग व्हॅक्यूमची झडप उघडून हवा आत सोडायला लावा, दिवा रंग बदलतो का बघा. रंग न बदलणारा दिवा खोटा. माझी फसवणूक एवढ्या एका गोष्टीने टळली असती. ओ-रिंगची खोबण टॉर्चच्या उजेडात दाखवायला सांगा. स्टिकर असेल तिथे ते सोलायला सांगा. नाही म्हणाला तर तिथेच थांबा. आणि हाउसिंग हातात आल्यावरही पहिली बुडी कॅमेऱ्याशिवाय, आत टिश्यू आणि तरंगू नये म्हणून काही वजन ठेवून, दोरीने खोल सोडून करा. आमच्याकडे विहिरींना तोटा नाही.

मेमरी कार्ड वाचलं. त्यात अकरा फोटो आहेत, दहा पायऱ्यांचे आणि एक कमळाचा, थोडा हललेला. हाउसिंग मी टाकून दिलेलं नाही, स्टिकर अर्धं सोललेलं, तसंच ठेवलंय. कुणी असा संच घ्यायच्या विचारात असेल तर स्टुडिओत या, तडा कसा दिसतो ते हातात घेऊन बघा. पिवळ्या पट्ट्यांच्या टॉवेलचा व्हिडिओ आला तर उत्तर देऊ नका.