मुंबईतील वॉर्ड वॉर रूम : एका रात्रीचा अनुभव

४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत एकाच दिवशी कोरोनाचे ११ हजारांहून अधिक रुग्ण आढळले आणि खाटेसाठी ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला फोन लावण्याची वेळ शहरावर आली. त्याच आठवड्यात माझ्या काकांची ऑक्सिजन पातळी ८८ वर घसरली. एका खासगी रुग्णालयाने आम्हाला दारातूनच परत पाठवले, तेव्हा महापालिकेच्या वॉर्ड वॉर रूमला, म्हणजे रुग्णांना खाट मिळवून देणाऱ्या विभागीय नियंत्रण कक्षाला, फोन केला. जून २०२० पासून २४ प्रशासकीय विभागांत चालणाऱ्या या कक्षांमागचा विचार असा होता, की खाट वशिल्यावर नव्हे, तर रुग्णाच्या गरजेनुसार मिळावी. आणि तो कागदावरच राहिला नाही, हे मी स्वानुभवाने सांगते. फोनवरच्या तरुण डॉक्टरचा आवाज पार बसला होता, तरी तिने काकांचे वय, मधुमेह, लागणारी धाप यांची शांतपणे चौकशी केली, त्यांना पालथे झोपवायला सांगितले आणि पहाटे तीनच्या सुमारास गोरेगावच्या नेस्को कोविड उपचार केंद्रात ऑक्सिजनची खाट मिळवून दिली. तासन्‌तास ताटकळलेल्या घरांचा त्या दिवसांतला संताप मला समजतो, परंतु फोन उचलणाऱ्यांनाच तो झेलावा लागला, हे मनाला फार लागले. रुग्णवाहिका येईपर्यंत तिने दोनदा स्वतःहून फोन केला.