विम्पोल हॉल : मुद्दाम पडका बांधलेला किल्ला

माझी सगळी नोकरी दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींना टेकू लावण्यात गेली. त्यामुळे लेकीने इंग्लंडात केंब्रिजहून अर्ध्या तासावरच्या विम्पोल हॉल या जुन्या वाड्याला नेलं, तेव्हा गाडीतूनच टेकडीवरचा तो मोडका बुरूज दिसला आणि तोंडातून आपसूक निघालं, "सी-वन. ताबडतोब रिकामी करा." (सी-वन म्हणजे मुंबई महापालिकेच्या भाषेत अतिधोकादायक इमारत.)

आधी वाड्याबद्दल. १६४० च्या दशकात सुरू झालेलं हे घर, नंतर प्रत्येक मालकाने आपापला वास्तुविशारद आणून त्यात भर घातली. समोरून पाहिलं तर लाल विटांचा शिस्तीचा, थोडा कंटाळवाणा दर्शनी भाग. खरी गंमत आत आहे. खाजगी चर्चमध्ये कोनाड्यांत चार संतांचे पुतळे उभे दिसतात. जवळ जाऊन पाहिलं तर भिंत सपाट! जेम्स थॉर्नहिलने १७२४ मध्ये रंगवलेल्या सावल्या. प्लास्टर फुगलंय का बघायला मी सवयीने मान तिरकी केली, म्हणून तरी कळलं. वास्तुविशारद जॉन सोनची पिवळी बैठकीची खोली तर दोनदा पाहिली. घराच्या मधोमध आहे, तरी वरच्या घुमटातून इतका उजेड उतरतो की दिवा लावावासा वाटत नाही. आपल्याकडे चाळीच्या मधल्या खोलीत दिवसभर ट्यूब जळते, ते आठवलं.

मग बुरूज. वाड्याच्या मागून उत्तरेला गवतातून चालत जायचं. चढ सौम्य आहे, पण मेंढ्यांच्या लेंड्या आणि चिखल भरपूर. सौ. चपला घालून आल्या होत्या, त्या अर्ध्या वाटेवरून परतल्या. तुम्ही बूट घाला.

मधला बुरूज उंच, शाबूत. दोन्ही बाजूंना तटाची भिंत आणि मोडल्यासारखे दिसणारे छोटे बुरूज. नात म्हणाली, "आजोबा, हे कधी पडलं?" म्हटलं, पडलंच नाही गं, असंच बांधलंय. तेव्हाचे मालक लॉर्ड हार्डविक यांना खिडकीतून जुन्या किल्ल्याचा देखावा हवा होता. सँडरसन मिलरने १७५० च्या सुमारास आराखडा दिला, आणि बांधकाम झालं वीसेक वर्षांनी, हार्डविकच्या मुलाच्या काळात, बागा-उद्याने आखणाऱ्या केपेबिलिटी ब्राउनच्या देखरेखीखाली. इथे कधी लढाई झाली नाही, कुणी वेढा घातला नाही. भिंत कुठे तुटलेली दिसायला हवी, हे कागदावर ठरवून गवंड्याला सांगितलं असणार. त्या गवंड्याचा चेहरा मला पाहायचाय! आयुष्यभर ओळंबा धरून सरळ बांधलं, आणि आता साहेब म्हणतात, वरचे चार थर सोडून दे.

पण मऊ खडूचा दगड तो. अडीचशे वर्षांच्या पावसाने खोटं अवशेषपण खरं होऊ लागलं. मग रीतसर दुरुस्ती झाली, २०१६ मध्ये तिला युरोपा नोस्त्राचा, म्हणजे युरोपातल्या वारसा-जतनाचा, पुरस्कारही मिळाला. म्हणजे पडका किल्ला पडू नये, पण पडकाच दिसावा, अशी दुरुस्ती. दगडांमधले भरलेले सांधे मी जवळून पाहिले. काम चोख आहे. असं टेंडर मला कधी काढायला मिळालं नाही, याचं वाईट वाटलं.

मुंबईकरांसाठी आणखी एक. या घराची शेवटची मालकीण एल्सी बॅम्ब्रिज, 'जंगल बुक' लिहिणाऱ्या रुडयार्ड किपलिंगची मुलगी. १९३८ मध्ये नवरा-बायकोने घर विकत घेतलं, आणि बापाच्या पुस्तकांच्या मानधनातून तिने ते सजवलं. १९७६ मध्ये ती गेली, तेव्हा सगळं नॅशनल ट्रस्टला, म्हणजे तिथल्या वारसा जपणाऱ्या संस्थेला, देऊन गेली. किपलिंग जन्मला आपल्या मुंबईतल्या जे. जे. कलाशाळेच्या आवारात. त्याचे वडील तिथे शिकवायचे. समोरच्या क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची कोरीव शिल्पं त्यांचीच. आंबे घ्यायला जाताना मी त्यांच्याखालून शेकडो वेळा गेलोय, मान वर न करता.

वाड्याला चार तारे, बुरुजाला पाच. बुरूज बाहेरूनच पाहायचा. आधी तिकडे जा, वाडा नंतर. आम्ही उलट केलं, आणि परतताना अंधारात चिखल दिसेना.