लाल नॉबचे १४,५०० रुपये

पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण मी स्वतः समोर उभा राहून सगळं बघितलं आणि वर "एक नंबर काम केलं भाऊ" असं म्हणालो, ते जास्त झोंबतं. म्हणून लिहितोय. खान्देशात हल्ली जुन्या गाड्या ड्रॅगसाठी (४०२ मीटरच्या सरळ शर्यतीसाठी) तयार करणारी पोरं वाढलीत आणि ब्रेकच्या कामात मला फसवणारा तो गॅरेजवाला अजून धंदा करतोय.

माझी जुनी मारुती एस्टीम आहे, जळगावात. मागचं सीट, स्टेपनी, कार्पेट सगळं काढून टाकलं. गाडी पळायला लागली, पण जोरात ब्रेक मारला की शेपूट फिरवायची. त्यात गूढ काही नाही. ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकांवर येतो, मागची हलकी पडतात. म्हणून कंपनी मागच्या ब्रेकचं प्रेशर एका व्हॉल्व्हने कमी ठेवते. पण तो हिशोब सीट-स्टेपनी जागेवर असलेल्या गाडीचा. मी मागचं वजनच उतरवलं, तर मागचे ड्रम (मागच्या चाकांचे ब्रेक) आधी जाम होणारच. पुढची चाकं आधी जाम झाली तर गाडी निदान सरळ घसरत जाते; मागची आधी झाली तर गिरकी घेते. ४०२ मीटरच्या शेवटी १२० चा वेग धरा, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. तिथे गिरकी कोणाला परवडते?

यावर उपाय म्हणजे मागच्या ब्रेकला तेल नेणाऱ्या लाइनमध्ये नॉब फिरवून प्रेशर कमी-जास्त करता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. हे मला माहीत होतं. तो कसा तपासायचा ते माहीत नव्हतं, आणि त्या गृहस्थाने नेमकं तेच हेरलं.

शहराबाहेर त्याचं गॅरेज. भिंतीवर रेसिंगचे स्टिकर, तोंडात साखर. "इम्पोर्टेड बायस व्हॉल्व्ह" (म्हणजे तोच प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह) ९,००० रुपये, नवीन लाइन ३,५००, मजुरी २,०००. पाच हजार ॲडव्हान्स मी यूपीआयने टाकला, बाकीचे त्याने रोख मागितले. बिल मागितलं तर म्हणे, "भो, रेसिंगच्या कामाला कोणी बिल देतं का?" मी हसलो. हसायला नको होतं.

तिसऱ्या दिवशी त्याने डेमो दिला. गाडी चारही चाकांनी स्टँडवर. पोऱ्याने पुढचं चाक हाताने फिरवलं, मग मागचं, आणि आत बसलेल्याने दोन्ही वेळा ब्रेकवर पटकन पाय मारून लगेच काढला. पुढचं चाक खाडकन थांबलं, मागचं फिरत राहिलं. मग लाल नॉब उघडून पुन्हा तेच केलं, तर मागचंही थांबलं. "बघा, नॉबवर कंट्रोल!" मी खूश. पाय पटकन मारून लगेच काढण्यातच सगळी चलाखी होती, हे तेव्हा डोक्यात शिरलं नाही.

रस्त्यावर आल्यावर वेगळंच. ब्रेक दाबताक्षणी बरं वाटायचं, पाय जरा दाबून धरला की मागची चाकं पूर्वीसारखीच जाम. वर पाय काढल्यावर ती मोकळी व्हायलाही वेळ लावायची. भुसावळपर्यंत जाऊन आलो तर मागच्या ड्रममधून जळका वास. त्याला फोन केला तर म्हणे, "नवीन लायनर आहेत, बसतील." लायनर, म्हणजे ड्रमच्या आत घासणारे पट्टे, त्याने बदललेच नव्हते!

शेवटी मामांच्या ओळखीने धुळ्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. बॉनेट उघडून त्यांनी नॉबकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हाऊ व्हॉल्व्ह नई शे भो, हाई ते तोटी शे."

मग त्यांनी दोन प्रेशर गेज आणले. एक पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरवर, हवा काढायच्या ब्लीडर स्क्रूच्या जागी, एक मागच्या चाकातल्या ब्रेक सिलिंडरला. मला म्हणाले, पाय दाब आणि सोडू नको. पुढचा काटा लगेच ५० किलो प्रेशरवर गेला, मागचा २० वर रेंगाळला. मी म्हटलं, बघा काका, कमी आहे की. ते म्हणाले, मोज. दहा मोजेपर्यंत मागचा काटाही ५० वर येऊन बसला.

तो साधा नीडल व्हॉल्व्ह होता, हायड्रॉलिकच्या दुकानात मिळतो तसला, वरून लाल रंग दिलेला. तो तेलाची फक्त वाट अरुंद करतो. तेल उशिरा पोचतं, पण पोचतं, आणि पोचलं की प्रेशर दोन्हीकडे सारखं. पाय काढल्यावर परतही तसंच रखडत येतं, म्हणून ड्रम तापत होते. खऱ्या व्हॉल्व्हमध्ये एका ठराविक प्रेशरच्या वर गेलं की मागचं प्रेशर पुढच्यापेक्षा कमीच राहतं, तुम्ही पाय कितीही वेळ दाबून धरा.

पण काका खरे चिडले ते पुढचं बघून. एस्टीमचे ब्रेक तिरपे वाटलेले असतात: एका सर्किटवर (तेलाच्या स्वतंत्र वाटेवर) पुढचं डावं आणि मागचं उजवं, दुसऱ्यावर उरलेली दोन. म्हणजे मागे दोन वेगळ्या लाइनी जातात आणि व्हॉल्व्हही दोन लागतात. या माणसाने एक व्हॉल्व्ह वाचवायला एका सर्किटचं मागचं तोंड बोल्ट मारून बंद केलं आणि दुसऱ्याच सर्किटवरून टी लावून दोन्ही मागची चाकं जोडली. त्या सर्किटला गळती लागली असती तर माझ्याकडे पुढचं एकच चाक उरलं असतं. आणि नळी? फ्रीजवाले वापरतात ती तांब्याची, तीही सिंगल फ्लेअर मारलेली, म्हणजे तोंड एकदाच पसरवलेली. ब्रेकला स्टीलची नळी आणि डबल फ्लेअर, म्हणजे दुमडून दुहेरी केलेलं तोंड, लागतं. साधं तांबं हादऱ्यांनी कडक होऊन तडकतं.

कंपनीचा मूळ व्हॉल्व्ह मागायला त्या गॅरेजवाल्याकडे गेलो तर म्हणे भंगारात गेला. बरीच हुज्जत घातल्यावर ४,००० परत दिले. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, पण हातात पुरावा म्हणून फक्त त्या पाच हजारांची यूपीआय नोंद. जुना पार्ट आधी ताब्यात घ्यायचा आणि बिलाशिवाय गाडी आत घालायची नाही, हे आता माझ्या पोऱ्यालाही पाठ आहे.

काकांनी सर्किट पूर्ववत केलं, स्टीलच्या लाइनी टाकल्या, दोन खरे व्हॉल्व्ह बसवले आणि दोन्हींचे नॉब सारखेच आटे फिरवले. मग मोकळ्या आवारात ३०, ४०, ६० असा वेग वाढवत नेला. टायरवर खडूच्या रेघा मारल्या आणि मित्राने बाजूने मोबाइलवर स्लो मोशन घेतलं. पुढची चाकं मागच्यांच्या किंचित आधी जाम होईपर्यंत नॉब फिरवत राहिलो. पूर्ण दिवस गेला. काकांनी मजुरी घेतली ८०० रुपये, आणि जेवायला शेवभाजी मलाच खाऊ घातली.

गेल्या आठवड्यात पाचोऱ्याच्या एका पोराचा फोन आला, त्याच्या गाडीचे मागचे ड्रम तापतात म्हणून. मी विचारलं, नॉब लाल आहे का? जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "हो दादा, तुम्हाला कसं माहीत?"